वैरागच्या वाटेवर बंद पडलेली मोटार

मोटार रस्त्यात बंद पडली की आजूबाजूच्या प्रत्येक माणसाला एकाएकी शहाणपण सुचू लागतं. ज्यानं जन्मात बैलगाडीशिवाय कशात पाय ठेवलेला नाही, तो पुढं येऊन सांगतो की पाणी कमी पडलं असणार. दुसऱ्याला वाटतं ऊन लागलं. तिसरा बॉनेटवर थाप मारून बघतो, जशी काही ती म्हैसच आहे. सोलापुरात मी बरीच वर्षं भाड्याची मोटार चालवली, आणि असल्या वैद्यांना कधी सोडलं नाही. तोंडावर बोलून मोकळा व्हायचो. माझा थोरला भाऊ, दादा, माझ्या बरोबर उलट. तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि मग आपल्याला हवं तेच करायचा.

मोटार आमची दोघांची होती. एकोणीसशे तिसाच्या आसपास एका वकिलाकडून वापरलेली घेतली. मी चालवायचो, दादा दुरुस्ती बघायचा. मूळचे आम्ही देवळाचे गुरव. वडिलांनी पूजा चुलत्यांकडं सोपवून शहरात मास्तरकी धरली, आणि दादानं मास्तरकीकडं पाठ फिरवून गिरणीच्या फिटरखात्यात हात काळे केले. वडिलांना ते शेवटपर्यंत आवडलं नाही. पुढं गिरणी सोडून दादा मोटारींच्या नादी लागला आणि नव्या पेठेच्या टोकाला आम्ही पत्र्याचं एक शेड उभं केलं. शेडच्या मागेच दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड.

दादाचं नाव झालं ते एका गोष्टीसाठी. गाडी पळताना बरी पळते, पण उभी केली की थरथरते, आचके देते आणि बंद पडते, अशी तक्रार घेऊन लोक त्याच्याकडं यायचे. तो म्हणायचा, पळत्या इंजिनावरनं काही कळत नाही, गोंगाटात सगळं दडून जातं. उभ्या गाडीचं हळू चाललेलं इंजिन ऐकायचं. निजलेल्या माणसाच्या श्वासावरनं त्याची तब्येत कळते, तसं ते असतं. मग तो एकेका प्लगची तार काढून बघायचा. जी काढून आवाजात फरक पडला नाही, तिचा प्लग निकामी. पाइपाच्या सांध्यावर तेलाचा थेंब सोडायचा. आवाज बदलला की समजायचं, इथून हवा आत शिरते. शेवटी पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्ब्युरेटर खोलून त्यातली बारीक भोकं तोंडानं फुंकायचा. वैनी म्हणायच्या, ह्यांच्या ताटातल्या भाकरीलासुद्धा पेट्रोलचा वास येतो.

वैनी वैरागच्या. त्यांचे वडील तिथल्या महादेवाच्या देवळात पूजेला. वैनी पाळण्यात असतानाच आई गेली, आणि ह्या माणसानं दुसरं लग्न न करता लेकीला वाढवलं. तिची वेणी ते घालायचे, तिला भाकरी थापायला त्यांनी शिकवलं. सासरी आल्यावरही वैनींच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनंतर आबा यायचे. मी चेष्टा करायचो की वैनी, आबा देवाला बेल वाहतात की देवच आबांना वाहतो. त्या रागवायच्या नाहीत. खूश व्हायच्या उलट.

देवळातल्या घरात वाढल्यामुळं दारात आलेल्या कुठल्याही वस्तूची पूजा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मोटार तर घराचं पोट भरणारी. तिची रोज सकाळी पूजा. आमच्या गाडीची पेट्रोलची टाकी पुढच्या काचेच्या पुढ्यात होती आणि तिचं गोल झाकण अगदी मधोमध, कपाळाच्या जागी. वैनींनी पहिल्याच दिवशी कुंकवाची जागा ठरवून टाकली. गाडी पळायला लागली की ते कोरडं कुंकू वाऱ्यानं उडायचं आणि माझ्या डोळ्यांत जायचं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर बसलं, आणि त्यानं स्टेशनपर्यंत माझा उद्धार केला. घरी येऊन मी तणतणलो. वैनींनी शांतपणे ऐकलं आणि त्या दसऱ्याला त्यावर उपाय काढला. बायका कपाळाला आधी मेण लावतात आणि वर कुंकू टेकवतात, म्हणजे दिवसभर हलत नाही. त्यांनी झाकणालाही तसंच मेण चोळलं आणि वर ठसठशीत कुंकू लावलं. त्यानंतर कणभरही उडालं नाही. मी त्यांच्या डोक्याचं कौतुक केलं, दादानंही केलं.

दिवाळीच्या सुमाराला मोटार आचके द्यायला लागली. स्टेशनवर गिऱ्हाइकाची वाट बघत उभी केली की इंजिन हळूहळू दम लागल्यासारखं व्हायचं आणि बंद. दादानं प्लग बदलले, तारा बदलल्या, सांधे तपासले. टाकीतलं पेट्रोल दाखवणारा काटा आधीपासूनच मोडलेला, म्हणून गाडी बंद पडली की तो पहिल्यांदा झाकण उघडून आत काठी बुडवायचा. पेट्रोल आहे म्हटल्यावर झाकण लावायचा, कार्ब्युरेटर खोलायचा, भोकं फुंकायचा, परत बसवायचा. इंजिन लगेच चालू व्हायचं. त्याला वाटायचं कार्ब्युरेटरमध्ये कचरा होता, निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पेट्रोलच खराब येतंय म्हणून तो ते कातड्यातून गाळून भरायला लागला. तरीही तेच. झाकण उघडताना फुस्स असा आवाज यायचा, तो आम्ही दोघांनी ऐकला होता. उन्हानं तापलेल्या पेट्रोलची वाफ बाहेर पडते, एवढाच त्याचा अर्थ आम्ही लावला.

गावभरच्या मोटारी बऱ्या करणाऱ्या माणसाची घरचीच मोटार आजारी, म्हणून स्टेशनवरचे टांगेवाले हसायचे. मला ते झोंबायचं. दादाला झोंबत असेलही, पण तो बोलून दाखवत नसे. त्याचं जेवणावरचं लक्ष मात्र उडालं होतं.

अशात एके दिवशी दुपारी बार्शीकडून उतारू घेऊन येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं शेडपाशी गाडी थांबवून निरोप दिला. आबा अंथरुणाला खिळलेत, सकाळपासून लेकीचं नाव घेत्यात, लगोलग या. सर्व्हिस मोटार परत जाणार ती दुसऱ्या दिवशी. शहरातली दुसरी एखादी भाड्याची मोटार मिळते का बघायला मी धावलो, पण लग्नसराई सुरू झालेली, एकही गाडी रिकामी नव्हती. राहिली आमची. दादानं टाकी काठोकाठ भरली, म्हणजे वाटेत त्याची तरी काळजी नको. तेवढ्यात वैनी करंडा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी झाकणावर नेहमीपेक्षा जास्त मेण लावलं, वर कुंकू दाबलं आणि मोटारीला हात जोडून म्हणाल्या, "आजच्या दिवस दगा दिऊ नगंस बाई."

बाळं गाव मागं टाकलं न टाकलं तोच इंजिन दमलं. दादा उतरला, काठी बुडवली, कार्ब्युरेटर खोलला, फुंकला. चालू झालं. थोडं अंतर गेलो आणि पुन्हा. नान्नजच्या अलीकडं पुन्हा. शहरात कधी इतक्या लवकर लवकर बंद पडत नव्हती. आता तर एक कोस धड चालेना. तापलेल्या लोखंडानं दादाच्या बोटांची सालटी निघाली होती. तो माझ्याकडं बघत नव्हता आणि मागे वैनींकडं तर मुळीच नाही. मी इंजिनाला शिव्या देत होतो, रस्त्याला देत होतो, मेंढरं मध्ये आणणाऱ्या एका धनगरालाही दिल्या. त्या बिचाऱ्यानं उलट आम्हाला पाणी आणून दिलं.

नान्नजच्या माळावर गाडी पुन्हा उभी राहिली तेव्हा वैनी खाली उतरल्या. दादाच्या पाठीमागं जाऊन म्हणाल्या, "अवो, मी चालत निघू का? तेवढंच अंतर कमी हुईल." त्या खरोखरच चालायला लागल्या. डोक्यावरचा पदर घट्ट धरून, वैरागच्या दिशेनं, कधी भरभर चालत तर कधी पळत. त्या सपाट माळावर त्यांची पाठ लांबपर्यंत दिसत राहिली. इंजिन सुरू झाल्यावर आम्ही त्यांना गाठलं, तेव्हा त्यांच्या पायातली एक वहाण कुठं तरी राहिली होती आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

वडाळ्याच्या पुढं आणखी कितीदा थांबलो ते मी मोजलं नाही. वैरागला पोचलो तेव्हा देवळाच्या मागच्या त्यांच्या घराच्या अंगणात माणसं बसली होती. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मोटारीचा आवाज ऐकून सगळ्यांनी माना वर केल्या आणि लगेच खाली घातल्या. तेवढ्यावरनं कळलं.

शेजारची एक म्हातारी वैनींना पोटाशी धरून सांगत होती, "आत्ताच गेलं गं, आंग अजून गरम हाय बघ. सकाळधरनं पाणी घेतलं न्हाय. पोरीच्या हातनं घेतो म्हनले. आमी लई सांगितलं, चमचाभर तरी घ्या. तोंड मिटून घेतलं की."

वैनी रडल्या नाहीत. आत गेल्या, वाटीत पाणी घेतलं आणि आबांच्या मिटलेल्या ओठांवर थेंब थेंब सोडत बसल्या. पाणी गालावरनं उशीवर ओघळत होतं. कुणी तरी हात धरून थांबवायला गेलं, त्यांनी तो हात झिडकारला. मी दारात उभा होतो. माझ्या आयुष्यात मी बरीच मरणं बघितली, पण त्या ओल्या झालेल्या उशीइतकं वाईट मला काही वाटलं नाही.

विधी वैनींच्या चुलत भावानं केले. वैनी तेराव्यापर्यंत तिथंच राहणार होत्या. आम्ही दोघं थोडे दिवस थांबलो. रिकामं बसवेना म्हणून मी मोटार ओढ्यावर नेली आणि घासूनपुसून धुतली. धूळ, चिखल, तेलाचे डाग, झाकणावरचं मेण आणि कुंकू, सगळं रॉकेलच्या फडक्यानं काढलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सोलापूरला निघालो. दादानं इंजिनाला हातही लावला नव्हता. गाडी वैरागहून निघाली ती थेट शेडच्या दारात थांबली. वाटेत एक आचका नाही. मी म्हणालो, आता बरी बुद्धी सुचली हिला. घरी आल्यावर दादा इंजिन चालू ठेवून कितीतरी वेळ त्याच्यापाशी उभा राहिला. मग म्हणाला, "आपण काहीच केलं नाही. आपोआप बरी झालेली गाडी मला नको."

पुढचे दिवस मोटार उत्तम चालली. तेरावा झाला, वैनी परत आल्या. दोन दिवस खोलीत पडून होत्या. तिसऱ्या दिवशी उठल्या, अंघोळ केली आणि सवयीनं करंडा घेऊन मोटारीपाशी गेल्या. त्याच दिवशी स्टेशनच्या फाटकापाशी इंजिन बंद पडलं. योगायोगानं दादा बरोबर होता. त्यानं झाकणावर हात ठेवला, उघडलं, तो फुस्स आवाज झाला, आणि तो तसाच थांबला. मग त्यानं झाकण पुन्हा लावलं, थोडा वेळ इंजिन चालवलं आणि परत उघडलं. उघडता उघडता टाकीच्या तोंडासमोर बोट धरलं. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती.

झाकणाच्या मधोमध टाचणीएवढं एक भोक असतं. पेट्रोल जसजसं खाली उतरतं, तसतशी त्या भोकातून हवा आत जाते. हवा गेली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही, आणि इंजिन उपाशी मरतं. टाकी जितकी भरलेली तितकं ते लवकर होतं. मोटारीच्या धंद्यातल्या कुणालाही हे ठाऊक असतं, दादालाही होतं. पण प्रत्येक वेळी तो पहिल्यांदा झाकण उघडायचा, हवा आत जायची, आणि त्याचं श्रेय कार्ब्युरेटर साफ केल्याला मिळायचं. शेडवर येऊन त्यानं झाकण उलटं धरलं आणि टाचणी घातली. भोकातून मेणाचा लालभडक दोरा बाहेर आला.

दादा टूलबॉक्सवर खाली बसला. म्हणाला, "हे तिला कळता कामा नये."

मी म्हणालो, कळलं पाहिजे. नाहीतर उद्या पुन्हा लावतील. ह्यात त्यांचा काय दोष, कुणालाही कळलं नसतं. तू स्वतः इतके दिवस फसलास. समजावून सांगितलं की मान्य करतील. दादानं नाही म्हणून मान हलवली.

"तू तिला ओळखत नाहीस. आबांना पाणी मिळालं नाही ते तिच्या हातच्या कुंकवानं, एवढंच तिच्या डोक्यात राहील. ती त्यातनं उठायची नाही." मग त्यानं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घ्यायला लावली. मी घेतली, पण मनापासून नाही. मला त्याचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो.

संध्याकाळी जेवण झाल्यावर त्यानं वैनींना सांगितलं की मोटारीचा दोष सापडला. कार्ब्युरेटरमधली एक सुई झिजली होती. आपल्याला आधीपासून तिचा संशय होता, पण बाकीच्या गाड्यांच्या कामात ती बदलायची राहून गेली. वैनी भांडी आवरत होत्या. त्यांचा हात थांबला. "म्हंजे तुमाला आधीच ठावं हुतं," त्या म्हणाल्या. दादा म्हणाला, व्हय. वैनींनी उरलेली भांडी घासली, पालथी घातली आणि आत जाऊन झोपल्या.

दुसऱ्या दिवसापासून मोटारीची पूजा बंद झाली. ज्या मोटारीनं बापाचं तोंड दिसू दिलं नाही तिला कुंकू कशाला, असं त्यांच्या मनात असणार. कुंकू बंद झालं, म्हणून मोटारही पुन्हा कधी बंद पडली नाही. वैनींनी त्याचा उलटाच अर्थ काढला. कधी तरी मोटार सुरळीत दारात येऊन उभी राहिली की त्या दादाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "मनावर घेतलं की दुरुस्त हुतंय की." दादा खाली मान घालून हात पुसत राहायचा. मला वाटायचं उठावं आणि ओरडून सगळं सांगून टाकावं. पण त्याच्या डोक्यावर ठेवलेला हात आठवायचा.

संसार मोडला नाही. वैनींनी त्याचं खाणंपिणं, आजारपण, सगळं नीट केलं. पण आबांचं नाव त्या घरात परत निघालं नाही. पूर्वी दोन वाक्यांमागं एकदा येणारं नाव, ते बंदच झालं. दादासमोर त्या हसायच्याही जपून. आणि मोटारीत कधी बसल्या नाहीत. माघी वारीला जायचं झालं तरी बैलगाडी. दादा मात्र त्यानंतर दुसऱ्यांच्या गाड्या तपासताना पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडून ते भोक बघायचा, आणि बघताना त्याचा चेहरा असा व्हायचा की मी तिथून निघून जायचो.

काही वर्षांनी विषमज्वरानं दादा गेला. फार दिवस आजारी नव्हता. वैनी रात्रंदिवस त्याच्या उशाशी होत्या. शुद्धीत असताना तो त्यांच्याकडं टक लावून बघायचा, ओठ हलवायचा, आणि पुन्हा डोळे मिटायचा. मला वाटलं आता सांगेल. नाही सांगितलं.

आज वैनीही नाहीत, म्हणून हे लिहायला हात धजावतो. त्या असत्या तर ही शपथ मी माझ्याबरोबरच घेऊन गेलो असतो.

दादाचे दिवस झाल्यावर पाहुणे पांगले. घरात आम्ही दोघंच. मी शेड विकून टाकावं की चालवावं, असलं काही बोलत होतो. वैनींचं लक्ष नव्हतं. मधेच त्या म्हणाल्या, "भावजी, एक सांगू का? आबांचं जे झालं ते मी मनातनं कवाच काढलं हुतं. मानूस हाय, चुकतं. मी त्यांना माफ केलं हुतं, लई आदीच. पर तोंडानं बोलले न्हाय. आज बोलीन, उद्या बोलीन, करत ऱ्हायलं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "त्यांना कळलं असंल का वो?"

माझ्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं. ज्या चुकीची माफी त्या देत होत्या ती त्यानं केलेलीच नव्हती, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "कळलं होतं वैनी. मला बोलला होता तो."

त्यांना बरं वाटलं. त्या उठून चुलीकडं गेल्या. असं काहीही दादा मला कधी बोलला नव्हता. बायकोनं आपल्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही, असंच समजून तो गेला.